अर्जात न लिहिलेले कारण

घटस्फोटाच्या अर्जांची भाषा मोठी भारदस्त असते. क्रूरता, परित्याग, मानसिक छळ असे शब्द तीत आढळतात, परंतु भांडी कोणी घासली, मुलाच्या तापात रात्र कोणी जागून काढली आणि सकाळी पुन्हा डबे भरून कचेरी कोणी गाठली, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद झाली, ती इष्टच होती. मात्र वर्षभर विभक्त राहिलो, एकत्र नांदणे अशक्य झाले, असे उभयतांनी सांगितले की कारण सिद्ध करावे लागत नाही, आणि स्वयंपाकघरात साचलेली तक्रार दप्तरी दाखल न होताच निकालात निघते.

मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२३ साली आलेल्या एका प्रकरणात ती दाखल झाली, पण पतीच्या बाजूने! पत्नी घरकाम करीत नाही, सदा आईशी फोनवर बोलते, ही त्याची फिर्याद. कचेरीतून परतल्यावर सारे काम मलाच करावे लागे, हे तिचे उत्तर. गृहकृत्यांचा भार दोघांनी सारखा उचलावा, असे सांगून न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात, पुरुषांची ९७. आणि मौज अशी की ही ९७ मिनिटे घरकामाला हात लावणाऱ्यांची, व असे पुरुष शंभरांत अवघे सव्वीस.

तथापि केवळ श्रमाने संसार मोडतो असे मला वाटत नाही. ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ असे पती म्हणतो आणि त्याला ते सौजन्य वाटते; पण काय संपले, काय आणायचे, कोणाचे औषध चुकले, हे ध्यानात ठेवण्याची मुकादमी तिच्याचकडे राहते, आणि मन विटते ते तिथे. पूर्वीचे संसार टिकत, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हेही सांगावे की माहेरची वाट बंद आणि हाती पैसा नाही, अशा स्त्रीला न टिकवण्याची सोय तरी कोठे होती? आज ती मिळवती आहे.

म्हणून मुलांसाठी स्थळे पाहणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे, की पत्रिकेतले छत्तीस गुण खुशाल मोजावेत, परंतु बैठकीत मुलीच्या पगाराची चौकशी झाल्यावर मुलाला कुकर लावता येतो का, एवढे अवश्य विचारावे.