घरच्या गाडीला निरोप



आमच्या दारची प्रीमियर पद्मिनी गेली, तेव्हा मी तिला हळदकुंकू वाहिले. ती काही परकी नव्हती. आपल्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या होत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली; म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही बंद झाली.

तेव्हा मायेपोटी जुनी गाडी दारात कुजवू नये. खुशाल नवी आणावी. मात्र निरोप कागदावरही द्यावा. गाडी विकली, तरी सरकारी नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलून घ्यावे. मोडीत द्यायची, तर सरकारमान्य केंद्रातच द्यावी व दाखला घ्यावा.

भगिनींनो, पुष्कळ घरी गाडी बाईच्या नावावर असते, पण व्यवहार तिला ठाऊक नसतो. सही आपली, तर विचारणेही आपलेच काम!