पगार मुंबईचा, घर नाशिकचं



मे महिन्यात आपल्याकडे नाशिकला आंब्यांच्या पेट्या येतात आणि पोरांची नेमणूकपत्रंही येतात. मग एखादा बाप मला गाठून विचारतो, "मुलाला इथे 6 लाख देतायत, मुंबईत 9 लाख. काय करावं?" विचारणाऱ्याचा हिशेब झालेला असतो: 3 लाख जास्त, म्हणजे महिन्याला 25,000.

हे 6 लाख म्हणजे कंपनीला पडणारा मुलाचा खर्च. त्यात मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना 25,000 धरू. कंपनी भविष्य निर्वाह निधीत भरते ते 12 टक्के, म्हणजे 3,000, याच आकड्यात बसवलेले असतात. ग्रॅच्युइटीचे सुमारे 1,200 सुद्धा. मग मुलाच्या वाट्याचे 3,000 कापले जातात आणि व्यवसाय कराचे 200, फेब्रुवारीत 300. हातात पडतात साधारण 42,600. हीच आकडेमोड 9 लाखांवर करा, 64,000 येतात. प्राप्तिकराची भानगड दोन्हीकडे नाही, कारण 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. म्हणजे फरक 25,000 चा नव्हे, 21,400 चा. काही कंपन्या निधी 15,000 च्या मर्यादेवरच कापतात, मग दोन्हीकडे हातात थोडं जास्त येतं. तेव्हा पत्राचं पहिलं पान वाचून पेढे वाटू नका, शेवटचं परिशिष्ट वाचा.

आता खर्च. दोन शहरांची तुलना सरकार स्वतः कशी करतं, ते पाहण्यासारखं आहे. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत केंद्रीय कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता देशभर एकाच टक्क्याने मिळतो. बदलतो तो घरभाडे भत्ता. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला तेव्हापासून, म्हणजे जानेवारी 2024 पासून, मुंबईला मूळ पगाराच्या 30 टक्के आणि नाशिकला 20 टक्के. मूळ पगार 50,000 असेल तर तिकडे 15,000, इकडे 10,000. त्याच कर्मचाऱ्याचा प्रवास भत्ता मुंबईत 3,600, नाशिकला 1,800, आणि त्यावर महागाई भत्ता. याचा अर्थ सरकारच्या लेखी टोमॅटो, साबण, मोबाइलचं रिचार्ज सगळीकडे सारखंच. शहरं वेगळी होतात ती जागेमुळे आणि अंतरामुळे. माझ्या मते दिशा अगदी बरोबर आहे, रक्कम कंजूष आहे. नाशिकच्या दोन खोल्या सोडून मुंबईत तेवढ्याच दोन खोल्या घ्यायच्या, तर वरचे 5,000 कुठल्या कोपऱ्याला पुरणार?

इथे कुणी तरी निर्देशांकाचा विषय काढतं. कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढायला मुंबईच्या लेबर ऑफिसने 1921 च्या सुमारास सुरुवात केली, आज केंद्राचा लेबर ब्युरो 88 केंद्रांचे आकडे देतो. पण हा आकडा एखाद्या शहराची तुलना त्याच शहराच्या जुन्या काळाशी करतो. एका शहराचा 140 आणि दुसऱ्याचा 150 आला, तर दुसरं शहर महाग ठरत नाही. तिथे भाव अधिक वेगाने चढले, एवढंच. वर्तमानपत्रांतसुद्धा हा घोटाळा होतो.

खरा हिशेब कोकणातल्या चाकरमान्याला कळला होता. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खाणावळीत जेवायचं, बायकामुलं गावी ठेवायची आणि महिन्याला मनिऑर्डर करायची. टक्केवारी त्याला कुणी शिकवली नव्हती. समजा 40,000 मिळवून 30,000 खर्च होतात आणि 10,000 उरतात. दुसऱ्या शहरात मिळकतही दुप्पट आणि खर्चही दुप्पट. टक्क्यांत दोन्ही सारखेच, पण उरतात 20,000. ते तिथेच खर्च केले तर काही फायदा नाही. गावी, समजा सिन्नरला, पाठवले, तर सिन्नरच्या भावात दुप्पट माल येतो. चाकरमान्याची मुंबई परवडायची ती गाव सुटलेलं नव्हतं म्हणून. त्याची किंमत गावी राहिलेल्या बाईने शेती आणि सासू-सासरे सांभाळून मोजली. ती किंमत कुठल्याच पगारपत्रकात नव्हती.

म्हणून मी त्या बापाला उलट विचारतो, नाशिकला घर स्वतःचं आहे का? असेल, तर मुंबईचं सगळं भाडं त्या 21,400 मधून जाणार. शिवाय अनामत, दलाली आणि अकरा महिन्यांनी पुन्हा घर शोधणं. मुलगा एकटा असेल आणि तिघांत एक खोली घेऊन राहणार असेल, तर जाऊ द्या त्याला, पैसे उरतील. लग्न झालेलं असेल तर घर बदलापुराकडे सरकतं, आणि लोकलचा पास स्वस्त असला तरी तास महाग पडतात. 1975 पासून धावणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसने आपल्याच गावातले लोक रोज मुंबई गाठतात. भाडं वाचतं, पण जाऊन-येऊन सुमारे सात तास रुळांवर जातात. त्या तासांचे पैसे धरले तर वाचलेलं भाडं किती राहतं, हे पासधारकांच्या डब्यात विचारा. तिथे पत्त्यांचा डाव चालू असेल, पण उत्तर मिळेल.

एक बाजू मात्र आपण सोडूनच देतो. सून शिकलेली असते. नऊ लाख विरुद्ध सहा लाख हा एका पगाराचा हिशेब झाला. तिच्या कामाला मुंबईत पाच जागा आणि इथे एखादी, असं असेल तर मुंबईचं भाडं दोघांत वाटलं जातं आणि गणित उलटतं. तिची आई किंवा सासू नाशिकला नातवाला सांभाळणार असेल, तर ते पुन्हा फिरतं, कारण मुंबईत तेच काम पाळणाघराला पैसे देऊन करून घ्यावं लागतं. तेव्हा हा प्रश्न विचारायला पुढच्या वेळी बापाने एकट्याने येऊ नये, सुनेलाही आणावं.