बाळकुम ते गायमुख : खाडीकाठच्या रस्त्याचा जमाखर्च

ठाण्यात बाळकुमपासून गायमुखापर्यंत खाडीच्या कडेने सुमारे साडेतेरा किलोमीटर लांबीचा सहापदरी रस्ता हा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रकल्प आहे. कोळशेत, वाघबीळ, ओवळा या गावांच्या खाडीकडच्या अंगाने तो जातो. घोडबंदर रस्त्याला पर्याय मिळावा, हा त्याचा हेतू. त्याची बाजू घेणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघेही खरे तेच सांगतात. पण दोघांच्याही जमाखर्चात काही रकमा मांडायच्या राहून जातात.

या वादाचे मूळ भूगोलात आहे. एका अंगाला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून घोडबंदर हा एकच लांब रस्ता जातो आणि त्याला दोन वेगळी कामे करावी लागतात. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून गुजरातकडे जाणारे कंटेनर खारेगाव, माजिवडा, घोडबंदर या वाटेने अहमदाबाद महामार्गाला लागतात. त्यांना ठाण्यात उतरवायचे काहीच नसते. दुसरीकडे, कोळशेत आणि घोडबंदर रस्त्यांवरच्या कारखान्यांच्या जमिनींवर गृहसंकुले उभी राहिली आणि तिथल्या रहिवाशांना शाळा, दवाखाना, रेल्वे स्थानक यांसाठी तोच रस्ता उरला. बाळकुम नाक्यावर यात आणखी एक भर पडते. काशेळीच्या पुलापलीकडे काल्हेर, पूर्णा, राहनाळ परिसरात भिवंडीची गोदामे आहेत आणि त्यांच्या मालवाहू गाड्यांना हीच वाट सोयीची पडते. अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळेतच सोडले जाते. त्यामुळे गर्दी कमी होत नाही, फक्त तिची वेळ बदलते. गायमुखच्या चढावर एक ट्रक बंद पडला, तर मागे रुग्णवाहिकाही अडकते.

रस्त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे. मेट्रो माणसे नेते, कंटेनर नेत नाही. वडाळा–कासारवडवली ही मेट्रो ४ आणि बाळकुम नाक्यावरून भिवंडी–कल्याणकडे जाणारी मेट्रो ५ पूर्ण क्षमतेने चालल्या, तरी बंदराचा माल रस्त्यावरच राहणार. तो वस्तीबाहेरून नेणे ही रहिवाशांची न्याय्य मागणी आहे. तिला केवळ मोटारवाल्यांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल.

आता खर्चाची बाजू. कल्याणकडून येणारी उल्हास ठाण्याजवळ फुटते. एक फाटा दक्षिणेला ठाणे खाडीला मिळतो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईकडे जातो. या काठावर तिवर, चिपी अशी कांदळवनातली झाडे आहेत. त्यांच्या मुळांशी गाळ थांबतो, भरतीचा जोर मोडतो, चिंबोरी, कोळंबी आणि बोईटाची पिल्ले वाढतात. कोळी आणि आगरी कुटुंबांचे खाडीशी असलेले नाते याच चिखलावर टिकले. येऊरच्या डोंगरातून उतरणारे नालेही इथेच खाडीला मिळतात. त्यांच्या तोंडाशी भरावाचा रस्ता आडवा घातला आणि मुसळधार पावसाच्या वेळी भरती आली, तर पाण्याला वस्तीत शिरण्यावाचून वाट राहणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात उल्हासच्या पुराने बदलापूर, कल्याण परिसर पाण्याखाली गेला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बांधकामाचा विचार त्या दिवसाला धरूनच व्हायला हवा.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यातल्या कांदळवनांची तोड थांबवली, त्यांच्याभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा राखायला सांगितला आणि सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांनाही न्यायालयाची परवानगी बंधनकारक केली. या अटीमुळे विकास अडतो, अशी तक्रार होते. बुलेट ट्रेनचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. त्या प्रकल्पात आधी सुमारे ५३ हजार कांदळवृक्ष जाणार होते. ठाणे स्थानकाच्या आराखड्यात बदल केल्यावर हा आकडा सुमारे २२ हजारांवर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली. म्हणजे अभियंत्यांना दुसरा मार्ग सापडू शकतो. तो शोधायला भाग पाडावे लागते. तोडलेल्या झाडांच्या पाचपट रोपे लावण्याचे आश्वासन मात्र सावधपणे ऐकावे. जिथे भरती-ओहोटीचे पाणी आणि योग्य गाळ नाही, तिथे कांदळ जगत नाही, आणि दुसऱ्या जिल्ह्यातली वृक्षलागवड बाळकुमला भरतीचा जोर मोडणार नाही.

वाढीव रस्ता मोकळा राहत नाही, हा आणखी एक आक्षेप. रस्ता रुंदावला की नवी वाहने येतात, हे जगभर दिसले आहे. सोलमध्ये तर २००३ ते २००५ या काळात उन्नत महामार्ग पाडून त्याखालचा चोंग्येचोन ओढा पुन्हा मोकळा केला गेला. बाळकुमला हा धोका खरा आहे, कारण रस्त्यामागोमाग इमारती येतात. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत याचे उत्तर आहे : जुन्या रस्त्याच्या समुद्राकडे नवा रस्ता झाला, तरी त्याच्या आडोशाने इमारतींना परवानगी देता येत नाही. ही तरतूद नगररचना विभागाने काटेकोरपणे पाळली नाही, तर हा रस्ता मालवाहतुकीचा न राहता जमिनीच्या व्यवहाराचा ठरेल.

यातून निघणारा निर्णय सरसकट 'हो' किंवा 'नाही' असा नाही. नाल्यांच्या मुखांवर आणि कांदळवनातून रस्ता खांबांवरून न्यावा, त्याखालून होड्यांची वाट मोकळी राहावी. तो आधी बंदराच्या मालवाहतुकीसाठी राखावा आणि तो सुरू होईल त्या दिवसापासून अवजड वाहनांना घोडबंदरवर बंदी असावी. घोडबंदरवर जी जागा सुटेल, ती बस आणि पादचाऱ्यांना द्यावी. कोळशेत, बाळकुमच्या मच्छीमारांना भरपाई काम सुरू होण्याआधी मिळावी. या अटी कंत्राटात लिहिलेल्या असतील, तरच हा रस्ता करावा. त्या नसतील, तर बाळकुम, कोळशेतच्या रहिवाशांनी जनसुनावणीत हजर राहून त्या मागाव्यात.