पाणी ठिबकतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी कर्जफेडीबद्दल बोलणार नाही, म्हणून आधीच सुटकेचा श्वास सोडा. आज बोलायचंय गाडीच्या टपावरच्या दिव्यांबद्दल. हसू नका. या दिव्यांपायी आपण एका माणसावर अन्याय करून बसलो होतो, आणि त्यात माझाही हात होता.

आपल्या एका गटाने कर्ज काढून पिकअप घेतली, हे तुम्हाला माहीत आहे. कोकम, काजू, नाचणीचे पापड घेऊन ती आंबा घाटाने कोल्हापूरला जाते. पहाटे अंधारात गाडी लांबून दिसावी, म्हणून गटाने टपावर पुढच्या बाजूला पाच पिवळे दिवे बाहेरून बसवून घेतले. दिवे छान दिसायचे. मग पाऊस सुरू झाला.

पहिल्याच मोठ्या पावसात ड्रायव्हरच्या दाराजवळ पाणी ठिबकलं. पापड मोडू नयेत म्हणून दोन खोकी मुद्दाम कॅबिनमध्ये सीटमागे ठेवली होती, ती भिजली. चाळीस पाकिटं गेली. पाणी दाराकडून आलेलं, म्हणजे काच उघडी राहिली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. ड्रायव्हर सांगत होता, काच बंद होती. कुणी ऐकलं नाही. त्याचा दोन दिवसांचा पगार कापायचा ठराव झाला. तो मुलगा आपल्याच गटातल्या एका ताईंचा. ताई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. सभा संपायच्या आधी उठून गेल्या आणि पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

पुढच्या पावसात काच घट्ट बंद असताना पुन्हा ठिबकलं. तेव्हा कुणीतरी टपावरच्या दिव्यांकडे बोट दाखवलं. मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, त्यात काय, सिलिकॉनची ट्यूब आणा आणि दिव्यांभोवती वरून फासा. फासलं. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी पाणी होतंच, वर दोन दिवे बंद पडले आणि फ्यूज उडाला.

मग गटातल्या सगळ्यात वयस्क आजी म्हणाल्या, “अगं पोरी, कौलारू घरात थेंब पडतो तिथलं कौल फुटलेलं असतं का कधी? पाणी वाशावरून सरकत येतं. फुटकं कौल वर कुठेतरी असतं.”

ताईंनो, मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, पण हे वाक्य मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. गाडीचं छतही तसंच असतं. वरच्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात, त्याखाली अस्तर. पाणी मधल्या भोकातून शिरतं, पट्टीवरून किंवा वायरवरून सरकतं आणि दाराच्या कोपऱ्यात येऊन टपकतं.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी शोधायचं, मग बुजवायचं. गाडी उन्हात पूर्ण वाळवली. वायरमनला बोलावून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावली. पाणी आणि वीज एका ठिकाणी आली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते, त्यामुळे हे आधी. मग कॅबिनमधलं अस्तर पुढच्या बाजूने खाली घेतलं आणि प्रत्येक दिव्याच्या भोकाभोवती आतून तोंडाला लावायची पावडर थापली. पावडरवर पाण्याची रेघ लगेच उमटते.

एक ताई टॉर्च घेऊन आत बसल्या, दुसऱ्या बाहेर पाइप धरून. पाणी हळू सोडायचं, जोराने मारायचं नाही. आणि खालून वर जायचं. आधी दाराचं रबर, मग पुढच्या काचेचं रबर, मग टपावरचा एकेक दिवा. प्रत्येक जागी पाचेक मिनिटं. आधीच वरून पाणी ओतलं तर सगळंच भिजतं आणि चोर सापडत नाही.

दार कोरडं. काच कोरडी. पहिला दिवा, दुसरा दिवा कोरडा. तिसऱ्या, मधल्या दिव्यावर पाणी सोडलं आणि आतून आवाज आला, “आली गं रेघ!” ती रेघ आमच्या डोळ्यांदेखत पट्टीवरून सरकत ड्रायव्हरच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

दिवा काढला तेव्हा सगळं कळलं. भोक गरजेपेक्षा मोठं पाडलेलं होतं. त्याच्या कडेला रंग लावलाच नव्हता, तिथे गंज धरलेला. वायरला रबरी बुश नव्हता. दिव्याखालचं रबरी पॅकिंग एका बाजूला दुमडलेलं. आणि मी फासायला लावलेलं सिलिकॉन? ते धुळीवर बसलं होतं, नखाने सालीसारखं निघालं. न झाडलेल्या जमिनीवर सारवलं तर पोपडे निघणारच! उलट आत शिरलेलं पाणी त्याने अडवून धरलं, म्हणून गंज वाढला.

आता दुरुस्ती कशी केली ते लिहून घ्या.

एक, पाचही दिवे काढले. एक गळतो तर बाकीचेही त्याच हाताने बसवलेले असतात.

दोन, जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडलं. गंज पॉलिश पेपरने घासला, स्पिरिटने पुसलं आणि उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड लावून वाळू दिलं.

तीन, वायरच्या प्रत्येक भोकात मापाचा रबरी बुश घातला. आतल्या बाजूला वायरचा थोडा झोळ खाली सोडला. पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी टपकतं, वायरवरून जोडापर्यंत जात नाही.

चार, नवीन पॅकिंग बसवलं आणि त्याच्या खाली भोकाभोवती आणि स्क्रूभोवती सीलंट अखंड फिरवलं. सीलंट दिव्याच्या खाली हवं, वरून फासलेलं नको. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं सिलिकॉन मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि त्याने पत्रा आणि तांब्याची वायर खराब होते.

पाच, स्क्रू थोडा थोडा, आलटून पालटून आवळला. जोर लावून आवळलं तर पॅकिंग बाहेर सरकतं किंवा दिव्याचं प्लॅस्टिक तडकतं.

सहा, दिव्याला पाणी निघून जाण्यासाठी कंपनीने बारीक भोक ठेवलेलं असेल तर ते बुजवू नका. काचेच्या आत हलकी वाफ दिसली आणि दिवा लागल्यावर गेली, तर घाबरायचं कारण नाही. थेंब साचून राहिले, तर मात्र दिवाच गळतोय.

सात, पूर्ण एक दिवस गाडी सावलीत, पावसापासून लांब ठेवली. मग पुन्हा पाइप, पुन्हा पावडर. कोरडं दिसल्यावरच अस्तर वर चढवलं.

फ्यूजबद्दल एक सांगते. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही घालू देऊ नका. फ्यूज उडतो म्हणजे तो आपल्याला काहीतरी सांगत असतो.

आणि ज्या गटांना गाडी घ्यायची आहे त्यांनी ऐका. बाहेरून दिवे बसवण्याआधी आरटीओत विचारा. गाडीत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्यात बंधनं आहेत आणि फिटनेसच्या वेळी अडचण येऊ शकते. परवानगी असेल तर बसवताना एक ताई तिथे उभी राहू द्या. भोकाला रंग लावला का, बुश घातला का, एवढंच विचारा. आणि पक्कं बिल घ्या. आमच्याकडे बिल नव्हतं, म्हणून दुकानदाराने हात वर केले.

दुरुस्ती झाल्यावर गटाने आणखी एक काम केलं. इतिवृत्ताच्या वहीत पगारकपातीचा ठराव रद्द केला आणि कापलेले पैसे परत दिले. अध्यक्षताई आणि मी त्या ताईंच्या घरी गेलो. मी म्हटलं, “आमचं चुकलं. शोधायच्या आधीच आम्ही नाव ठेवलं.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझा मुलगा खोटं बोलत नाही, हे मला सभेत सांगायचं होतं. पण त्याची आई बोलते, असंच तुम्ही म्हणाला असता.”

खरंच म्हणालो असतो.

म्हणून ताईंनो, गाडीत पाणी ठिबको नाहीतर हिशोबात शंभर रुपये कमी येवोत, पहिल्यांदा जो दिसतो त्याच्यावर बोट ठेवू नका. पावडर थापा, पाणी सोडा, रेघ कुठून येते ते बघा. आणि ज्या ताई गप्प उठून जातात, त्यांना थांबवून विचारा.

मागच्या बैठकीला त्या ताई आल्या होत्या. येताना पापड घेऊन आल्या. कोरडे.