दुखत नाही, म्हणूनच
(मंडळाच्या महिला मेळाव्यातील भाषण)

भगिनींनो, हळदीकुंकवाच्या दिवशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय काढल्याबद्दल काहीजणी नाक मुरडतील, हे आम्ही जाणतो. परंतु संकोचापायीच आपल्यातील एक वहिनी डॉक्टरांकडे फार उशिरा गेल्या. त्यांची जागा आज रिकामी आहे.

या रोगाची पूर्वावस्था कित्येक वर्षे टिकते आणि मुळीच दुखत नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली अभ्यास आरंभिला. अवघे चार आठवडे शिकविलेल्या, डॉक्टर नसलेल्या सेविका दर दोन वर्षांनी पातळ आम्ल लावून (आपल्या लोणच्यातील व्हिनेगरचाच तो भाऊ!) तपासणी करीत. तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

येत्या शनिवारी आम्ही काहीजणी मिळून तपासणीस जात आहोत. तिशी उलटलेल्या भगिनींनी नावे द्यावीत. यजमानांची परवानगी लागत नाही.