घरी परतल्यानंतरचे अठरा महिने



आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली व्यक्ती रुग्णालयातून घरी आली, म्हणजे संकट टळले असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे व महिने विशेष जोखमीचे असतात आणि नेमक्या त्याच काळात लोकलज्जेपोटी कुटुंब अबोल होते, शेजारी भेट टाळतात.

कायद्याची दृष्टी आता बदलली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ अन्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते.

या कर्तव्याचे स्वरूप खर्चिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी १,८६७ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर तासाभराचे मार्गदर्शन मिळाले आणि अठरा महिन्यांत नऊ वेळा भेटीने वा दूरध्वनीने विचारपूस झाली. त्यांतील पाच वेळा पहिल्या अकरा आठवड्यांतच. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत पुढे आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा २.२ होते, संपर्क राखलेल्यांत ते ०.२ इतकेच राहिले.

गणपतीपुळे परिसरात अशा संपर्काची साखळी उभी करणे शक्य आहे. मालगुंडचे प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहे. रत्नागिरीत १८८६ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रुग्णाला घरी पाठविताना पुढील भेटीची तारीख ठरावी व त्याच्या संमतीने आशा कार्यकर्तीला ती कळावी. कर्ती माणसे मुंबईस असलेल्या घरी सोबतीची व्यवस्था व्हावी. आंबा-काजूच्या बागायतीची फवारणीची औषधे कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात असावीत. विद्यार्थी शाळेत परतल्यास शिक्षकांनी चौकशीचा भडिमार न करता त्याला वर्गात सामावून घ्यावे. पंचायत सदस्यांनी चावडीवरील चर्चा थांबवावी. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे, तो शाळा व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहावा.

जीवावर उदार होण्याचा विचार मनात येतो का, असे आपुलकीने विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते. औषधोपचार वैद्यांनी करावयाचे आहेत. विचारपूस मात्र गावानेच करावयाची आहे.