जात्यावरची वारी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)

 

दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, चोपदार, पखवाजी यांच्याविषयी पुष्कळ बोलून झालं. आमच्या वाट्याचा वेळ आम्ही जात्यापाशी बसलेल्या आयाबायांना देणार आहोत.

घरात तान्हं पोर, दावणीला गुरं, शेतात पेरणी. ज्यांना वारीला निघणं जमलं नाही त्यांनी पंढरी कुठं पाहिली? जात्यावर. पहाटे एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडी घास, आणि पहिली ओवी देवाला. मग आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघायची, देहूहून तुकोबांची. समोरची जाऊ किंवा नणंद ओवी उचलायची. दळण सरेस्तोवर चंद्रभागा यायची.

या बायांनी देवाला आळवलं, तसा देवाचा संसारही सांगितला. विठ्ठल त्यांचा भाऊ, पंढरी माहेर. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, ही कथा कीर्तनात आपण ऐकतोच. जात्यावरची रखुमाई मात्र जनीवरून विठ्ठलाला सरळ जाब विचारते. सासुरवाशिणीला घरात जे बोलता येत नव्हतं, ते रखुमाईच्या तोंडून बोलता आलं. कथा तीच, पण सांगणारी बाई असली की तिच्यातलं दुखणं वेगळं ऐकू येतं.

गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली. देव तिला दळू लागला, असं आपण मानतो. गोपाळपुरात तिचं जातं आजही दाखवतात. तिचे अभंग गाथेत उतरले म्हणून आपल्या मुखी आले. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्यामागं १९५२ साली पुस्तक निघालं. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह १,००० हून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढं धन आपल्या आयाबायांच्या कंठात होतं!

गावोगाव विजेची गिरणी आली. बायांच्या हाताचे घट्टे गेले, ते बरंच झालं. ते कष्ट परत यावेत असं कुणी म्हणू नये. पण दळणाबरोबर गळाही थांबला. ज्यांना ओव्या येतात त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. एक म्हातारी गेली की तिच्या आईची, आजीचीही ओवी जाते.

म्हणून या दिंडीकडं आमचं एकच मागणं आहे. भजनाच्या वहीशेजारी ओव्यांची एक वही ठेवा. दुपारच्या विसाव्याला तुळस घेऊन चालणाऱ्या मावशींपाशी, आजींपाशी बसा. त्यांची परवानगी घ्या, मोबाईलवर आवाज धरा. नुसतं “म्हणा” म्हटलं तर आठवत नाही. गावी गेल्यावर जुनं जातं मांडून द्या, हात फिरला की ओवी येते. बोली सुधारू नका, जशी म्हटली तशीच लिहा. खाली तिचं नाव, सासर, माहेर आणि ओवी कुणाकडून शिकली तेही लिहा. तिची ओवी नावासकट राहू द्या.

पुढच्या वारीत संध्याकाळच्या भजनानंतर एक ओवी त्या वहीतली म्हणावी, आणि ती बाईनंच म्हणावी. दिंडीचं दुसरं शतक असं सुरू झालं, तर घरी राहून वारी केलेल्या त्या माउल्याही आपल्याबरोबर चालू लागतील.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!